एक नंबरचा बिल्ला

त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूची सावली भिंतीवर रंगवलेली होती. पान्हे, पकडी, कानशी यांचं मी समजू शकत होते. बाहेरच्या खोलीतली एक अख्खी भिंत त्यांनी हत्यारांना दिली होती, आणि प्रत्येक हत्यारामागे नेमक्या त्याच्याच आकाराचा काळा ऑइलपेंट होता. हत्यार जागेवर नसलं की तो काळा आकार लगेच डोळ्यांत भरायचा. विमानांच्या हँगरमध्ये अशीच पद्धत असते. पण स्वयंपाकघरात झारा, सांडशी, लाटणं आणि पुरणयंत्र यांच्याही सावल्या होत्या. दाराशी फरशीवर चपलांचे आकार होते, आणि पाहुण्यांसाठी म्हणून एक जोड आकार मोठ्या मापाचा.

"एकदा माझाही काढून ठेवा," काकू म्हणायच्या, "म्हणजे मी माहेरी गेले की निदान कळेल, घरात काहीतरी कमी आहे ते."

"तुझा आकार दर दिवाळीला बदलतो," काका म्हणायचे, आणि पेपर उलटायचे.

नेरूळची आमची सोसायटी तेव्हा नवी होती. चार मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, काका-काकू तळमजल्यावर. काकांनी तीस वर्षं सांताक्रूझला हँगरमध्ये विमानं दुरुस्त केली होती. तरुणपणी ते त्यासाठी परदेशात शिकून आले होते. विमान शिकायला ते बोटीने गेले होते, आणि हे सांगताना त्यात काही गमतीचं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. "बोटीचं इंजिनही बघून झालं," एवढंच म्हणायचे.

सोसायटीत त्यांना 'बिनसहीचे काका' म्हणत. कारण ते कशावरच सही करत नसत. वार्षिक सभेचा वृत्तांत सह्यांसाठी फिरायला लागला की ते वही परत करत. "मी सभेला होतो, हे खरं. पण तुम्ही जे लिहिलंय ते तसंच झालं, हे मी कुठे तपासलंय?" पोस्टमन रजिस्टरचं पाकीट घेऊन आला की काका पाकीट फोडून, आतली दोन्ही पानं जिन्यात उभं राहून वाचून, मग त्याच्या कागदावर सही करत. पोस्टमन तोवर पायरीवर बसून बिडी ओढून घेई. पुतणीचं नोंदणी पद्धतीने लग्न ठरलं तेव्हा साक्षीदार म्हणून त्यांना ठाण्याला नेलं. तिथे त्यांनी नवऱ्या मुलाला बाजूला घेतलं आणि वीस मिनिटं चौकशी केली. पगार वगैरे नाही. राग आल्यावर काय करता, आणि गेल्या वर्षात किती वेळा केलंत. शेवटी बाहेरच्या स्टँपवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली.

"मग, कसं चाललंय पुतणीचं?" कोणी विचारलं की काका म्हणायचे, "चांगलं चाललंय. पण माझी तपासणी अजून चालू आहे."

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक सहा इंची पोलादी पट्टी असे. घरात असले की ती भिंतीवर तिच्या खिळ्याला. बाहेर पडताना पट्टी खिशात आणि तिच्या जागी खिळ्याला एक पितळी बिल्ला, त्यावर ठोकलेला १ हा आकडा. परत आले की पट्टी खिळ्याला, बिल्ला खिशात. हत्यार ज्याच्याकडे, त्याचा बिल्ला भिंतीवर, असा नियम होता. आणि ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा, हा दुसरा. घरात माणसं दोनच असताना कोणतं हत्यार कोणाकडे आहे हा प्रश्न कधी पडत असेल असं वाटत नाही. पण काकूंना त्याचा एक उपयोग होता. दारावर कोणी "काका आहेत का?" म्हणून आलं की त्या मागे वळून नुसत्या खिळ्याकडे बघत. बिल्ला दिसला तर म्हणत, "बाहेर गेलेत."

मी डिप्लोमा संपवला आणि विमान दुरुस्तीच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडमधल्या एका संस्थेकडे अर्ज केला. त्यांचं पत्र आलं. घ्यायला तयार होते, एका अटीवर: लायसन असलेल्या इंजिनिअरच्या हाताखाली साठ दिवस प्रत्यक्ष काम, आणि वहीत रोजच्या कामाखाली त्याची सही. म्हणजे मला साठ सह्या हव्या होत्या. आणि त्या करू शकेल असा माझ्या ओळखीचा एकच माणूस होता, जो सही करत नव्हता.

आई आणि मी त्यांच्याकडे गेलो. काकांनी पत्र दोनदा वाचलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "काम तपासीन. योग्य असेल त्या दिवशी सही होईल. तुम्ही उद्या सात वाजता या."

आई मागे वळून बघायला लागली. 'तुम्ही' मला उद्देशून होतं, हे आम्हाला दोघींनाही जरा उशिरा कळलं. पुढे एकदा मी त्यांना म्हटलं, काका, मला अगं म्हणा. तर म्हणाले, "ज्यांच्या सहीवर दोनशे माणसं हवेत बसणार, त्यांना अरे-तुरे करायची सवय मी लावून घेणार नाही."

पहिले कित्येक दिवस मी फक्त तार पिळली. विमानातले बोल्ट थरथरीने सैल होऊ नयेत म्हणून त्यांची डोकी बारीक तारेने एकमेकांशी बांधतात, पीळ देऊन. पीळ जास्त झाला तर तार तुटते, कमी झाला तर बोल्ट फिरतो. काका माझी तार भिंगातून बघत, कातरीने कापत आणि एका बिस्किटांच्या डब्यात टाकत. आई शेजारणीला सांगे, "विमान शिकायला पाठवली, तर पोरगी आपली तारा पिळत बसलीय." डबा भरला त्या दिवशी पहिली सही झाली.

मग काकूंचा कुकर आला. काकांच्या मते कुकर हे घरातलं सर्वांत धोकादायक यंत्र होतं. त्याच्या शिट्ट्यांची नोंद कॅलेंडरच्या मागे ठेवलेली होती. काकूंनी प्रत्येक शिट्टीला एक रेघ मारायची, आणि पाचशे रेघा झाल्या की आतलं रबर बदलायचं, ते चांगलं असो की वाईट. एकदा जेवायला पाहुणे आले असताना वरणाच्या तिसऱ्या शिट्टीला पाचशे भरले. काकांनी गॅस बंद केला. पाहुण्यांसमोर मी कुकर उघडून, पुसून, नवं रबर बसवून, नोंद करून दाखवली, आणि भात पातेल्यात शिजला.

"ह्यांना विमानतळावरून काढलं नाही," काकू पाहुण्यांना वाढताना म्हणाल्या, "तिथल्या लोकांनी नवस बोलून रिटायर करून घेतलं."

असं करत एकोणसाठ सह्या झाल्या. जे दिवस त्यांना पसंत पडले नाहीत ते मोजलेच नाहीत, त्यामुळे साठ दिवसांना पाच महिने लागले. शनिवारी कागद कुरिअरने निघाले नसते तर त्या वर्षीची जागा गेली असती. आणि त्या आठवड्यात, बुधवारी, ऐन मे महिन्यात, सोसायटीचा पाण्याचा पंप बंद पडला.

"हा तुमचा साठावा दिवस," काका म्हणाले.

आम्ही अकरा हत्यारं घेऊन पंपाच्या खोलीत उतरलो. पट्टी मी घेतली होती, म्हणून खिळ्याला काकांनी मला दिलेला दोन नंबरचा बिल्ला लावला होता. दुपारपर्यंत पंप उघडून, बेअरिंग बदलून, परत जोडून झाला. मध्ये काका चहाला वर गेले तेव्हा मी पायरीवर बसून बरोबर आणलेली कादंबरी वाचत होते. मी कुठेही जाताना पुस्तक नेते, ही माझी जुनी खोड. काम संपलं आणि काकांनी चादरीवरची हत्यारं मोजली. दहा भरली.

"पट्टी," ते म्हणाले.

"मी चादरीवर ठेवली होती," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

खोली झाडली. पंप परत उघडला, परत जोडला. पट्टी नाही. काकांनी स्विचला एक लाल चिठ्ठी बांधली, 'चालू करू नये', आणि शेजारी स्टूल टाकून बसले. संध्याकाळपर्यंत सगळी सोसायटी बादल्या घेऊन खाली जमली. चेअरमन तुर्भ्याच्या बाजारात कांद्याचा व्यापार करणारे, मूळचे साताऱ्याकडचे. ते खांद्यावर टॉवेल टाकून आले.

"अवो काका, एका पट्टीपायी सोळा घरं पारोशी बसवलीत की! उद्या धा पट्ट्या आणून देतो तुमाला."

"मला पट्टी नको आहे," काका म्हणाले. "ती कुठे आहे, ते हवंय."

"पडली आसंल कुटंतरी."

"कुठंतरी म्हटलं की त्यात पंपही आला, चेअरमनसाहेब."

चेअरमननी चिठ्ठीकडे हात नेला. काका उठलेसुद्धा नाहीत. "ज्याने लावली त्यानेच काढायची," एवढंच म्हणाले. आणि त्या आडदांड माणसाने, जो बाजारात हमालांवर ओरडला की पलीकडच्या गाळ्यात ऐकू जायचं, हात मागे घेतला.

गुरुवारी सकाळी करावे गावातून येणारी कोळीण गेटाशी टप घेऊन बसली होती. तिला आमच्या नळावर मासे धुवायची सवय. "पानी नाय त मावरा कशान धवू रं?" ती वॉचमनला विचारत होती. कोणी सांगितलं, एक पट्टी हरवलीय. "कसली, सोन्याची हाय?" तिने विचारलं.

त्या दुपारी मी घरात तोंड लपवून बसले होते. जीव रमेना म्हणून कादंबरी उघडली. पान एकशे अठरावर, खूण म्हणून, पट्टी होती.

मी पुस्तक मिटलं. मग पट्टी ओढणीत गुंडाळून खाली काकूंकडे गेले. काका पंपाच्या खोलीत स्टुलावर होते. काकूंनी पट्टी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

"काकू, आता ते सही करणार नाहीत."

"कळलं तर करणार नाहीत. कळायचं कशाला?" त्यांनी डोळे पुसले. "तू खाली जा. पंपाच्या मागे हात घाल आणि 'सापडली' म्हणून ओरड. मी पाठोपाठ येते. जास्त ओरडू नकोस, नाटकी वाटतं."

मी तसं केलं. ओरडले बेताचीच. पण पाठोपाठ आलेल्या काकूंनी "सापडली का गं बाई!" म्हणून जो आवाज लावला तो सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत गेला. लोकांनी बादल्या वाजवल्या. चेअरमननी मला "शाबास गं वाघिणी" म्हटलं, आणि ते ऐकताना मला पंपात जावंसं वाटलं.

काकांनी पट्टी हातात घेतली. दोन्ही बाजूंनी बघितली. मग नाकाशी नेली. त्या खोलीत सगळ्याला ग्रीसचा आणि ओलीचा वास यायचा. नंतर त्यांनी चिठ्ठी काढली, पंप चालू केला, घरी जाऊन पट्टी खिळ्याला लावली आणि मला माझा बिल्ला काढून घ्यायला लावला.

रात्री जेवणाआधी त्यांनी वही मागवून घेतली. साठाव्या दिवसाचं पान त्यांनी स्वतः लिहिलं होतं. दोष, केलेलं काम, बदललेले भाग. खाली: 'पट्टी सापडली. कुठे होती:' आणि पुढे रिकामी जागा.

"पंपामागे मी तीन वेळा झाडलं होतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "ही जागा भरली की सही."

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी कादंबरी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. काकूंचं नाव गाळून. काकांनी पुस्तक घेतलं, पानं चाळली.

"पान कितवं?"

"एकशे अठरा."

"गोष्ट चांगली आहे?"

"हो."

"साहजिक आहे," ते म्हणाले, आणि रिकाम्या जागेत लिहिलं: 'पुस्तकात, पान ११८.' मला वाटलं, आता सही. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ज्यांचं पाणी थांबलं त्यांना कारण कळायला हवं. सोळा घरं आहेत. प्रत्येक घरी जा, सांगा, आणि कारण समजलं म्हणून सही घेऊन या. मग माझी." मग स्वयंपाकघराकडे न बघताच म्हणाले, "पहिली सही साथीदाराची."

काकू पोळपाट-लाटणं टाकून बाहेर आल्या आणि पिठाच्या हाताने सही केली.

मी उरलेली पंधरा दारं वाजवली. आमचं दार शेवटी ठेवलं होतं. आईने सही केली, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बाकी कोणी हसलं, कोणी बसवून ताक पाजलं, एकांनी मागचा पुढचा सगळा हिशेब ऐकवला की त्या दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. चेअरमननी वही हातात घेतली, चष्मा लावला आणि परत केली.

"मी कुटं तपासलंय? पुस्तक आण. पट्टी घालून दाव."

मी खाली जाऊन पुस्तक घेतलं आणि काकांकडे पट्टी मागितली. बिल्ला लावायला विसरले नाही. वर येऊन एकशे अठराव्या पानावर पट्टी ठेवून दाखवली. चेअरमननी पुस्तक मिटलं, उघडलं, परत मिटलं. "बसतीय खरी," म्हणाले आणि झोकात सही ठोकली. त्यांना आयुष्यात एवढं समाधान क्वचितच मिळालं असेल.

गेटाशी कोळणीने मला अडवलं. "माजा टप पन सुका व्हता. माजी सही नको व्हय?" तिने पाणी लावलेला अंगठा वॉचमनच्या शाईच्या पॅडवर दाबला आणि पानाच्या कोपऱ्यात उठवला. त्या पानाला पुढे कित्येक दिवस बांगड्याचा वास होता.

काकांनी सगळ्या सह्या मोजल्या. सोळा, आणि एक अंगठा. मग टोपण काढलं. त्यांची सही मी साठाव्यांदा बघत होते. हात अजिबात घाई करत नसे. "पुस्तक इथेच ठेवा," ते म्हणाले. "पुरावा आहे."

शनिवारी कागद गेले.

स्कॉटलंडमधलं ते गाव थंड आणि मुकं होतं. पहिल्या आठवड्यात मुख्य प्रशिक्षकाने मला बोलावलं. तो लाल नाकाचा, अत्यंत सावकाश बोलणारा माणूस. समोर माझी वही उघडी होती.

"एका पंपासाठी सतरा इन्स्पेक्टर?" त्याने विचारलं.

"पाण्याचा पंप होता, सर."

"आणि हा अंगठा?"

"मासळी विभाग."

मग मला सगळं सांगावं लागलं. तो हसला नाही. त्याने वही मिटली आणि विचारलं, "हा तुमचा गृहस्थ अजून काम करतो?" मी म्हटलं, रिटायर झालेत, आता कुकर बघतात. त्याच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा काहीतरी हललेलं दिसलं. पुढच्या आठवड्यात त्या पानाची प्रत हँगरच्या सूचनाफलकावर लागली, आणि दोन वर्षं मी तिथे 'पान एकशे अठरा' या नावाने ओळखली गेले.

काका पत्र पाठवत. ती पत्रं नव्हती, तक्ते होते. 'थंडी: सोसते / सोसत नाही. जेवण: चांगलं / खाण्याजोगं / नाइलाज. रडू: रोज / रविवारी / नाही.' मी खुणा करून परत पाठवायचे. पहिल्यांदा मी 'रविवारी' वर खूण केली. त्यानंतर त्यांची पत्रं शनिवारी यायला लागली. सुरुवातीला मला तो योगायोग वाटला. पुढे काकूंनी सांगितलं की पत्र किती दिवसांत पोचतं याची त्यांनी कॅलेंडरच्या मागे, कुकरच्या रेघांशेजारी, नोंद ठेवली होती.

मी परत आले, लायसन मिळालं, विमानतळावर कामाला लागले. लायसन त्यांना दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी ते उजेडाकडे धरून बघितलं. "खरं आहे," म्हणाले. मला एवढं पुरलं.

मागच्या महिन्यात ते गेले. दुपारी खुर्चीत, पेपर मांडीवर. मी कामासाठी बाहेरगावी होते. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर मी जवळजवळ रोज संध्याकाळी काकूंकडे जाऊन बसत होते. दहाव्या-अकराव्या दिवशी असेल, माझं लक्ष भिंतीकडे गेलं. पट्टी तिच्या सावलीवर टांगलेली होती, पण काळी पडलेली, एका टोकाला वाकलेली. आणि त्याच खिळ्याला एक नंबरचा बिल्ला होता.

एका खिळ्यावर दोन्ही मी कधी बघितलं नव्हतं.

"नेताना मीच ठेवली त्यांच्या खिशात," काकू म्हणाल्या. "जन्मभर पट्टी घेतल्याशिवाय बाहेर न पडलेला माणूस, रिकाम्या खिशाने कसा पाठवू? बिल्लाही लावला. नियमाप्रमाणे." त्यांनी पदर सारखा केला. "तिसऱ्या दिवशी पुतण्या अस्थी आणायला गेला, तर तिथल्या माणसाने ही हातात दिली. विचारत होता, म्हाताऱ्याच्या पायात सळई होती का म्हणून."

त्यांना हसू आलं आणि मलाही आलं. मी उठून पट्टी हातात घेतली. इंचांच्या रेघा अजून वाचता येत होत्या.

"आता तूच सांग, तू लायसनवाली," काकू म्हणाल्या. "पट्टी परत आली. मग बिल्ला काढायचा, का नाही?"

पट्टी आली की बिल्ला उतरतो. पण ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा. मी दोन्ही नियम मनात फिरवून बघितले. शेवटी मी पट्टी परत खिळ्याला लावली आणि बिल्ल्याला हात लावला नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात कुरिअरवाला होता, नवा असावा. हातात काकांच्या नावाचं पाकीट आणि सहीचा कागद.

"साहेब आहेत का? त्यांचीच सही लागेल."

काकूंनी सवयीने मागे वळून खिळ्याकडे बघितलं.

"बाहेर गेलेत," त्या म्हणाल्या. "आणि असते तरी तुला एवढ्यात सही मिळाली नसती."